सर बाहेरगावी गेले आहेत

बेलिफाची नोकरी केली की माणसांबद्दलचं मत फारसं चांगलं राहत नाही. माझं राहिलं नाही. काम तसं साधं. कोर्टाचं समन्स घेऊन दारात जायचं, ते ज्याच्या नावाचं आहे त्याच्या हातात द्यायचं, सही घ्यायची. पुढे निकाल लागूनही तो पैसे देत नसेल, तर जप्तीचं वॉरंट घेऊन त्याच दारात पुन्हा उभं राहायचं. मुळशी तालुक्यात मी शेवटची अकरा वर्षं हे काम केलं. एक जुनी स्कूटर, डिकीत कागदांची पिशवी, खळ लावायचा डबा आणि पावसाळ्यात प्लास्टिकचा एक मोठा तुकडा.

पैसे नसलेला माणूस बेलिफाला बघून घाबरतो, पण दार उघडतो. बसायला सांगतो, पाणी देतो, अडचण सांगत बसतो. पैसे असून न देणारे वेगळे. हिंजवडीच्या टॉवरमध्ये गेलं की खालचा गार्ड इंटरकॉमवर बोलायचा आणि मला म्हणायचा, "साहब बाहर गये हैं," आणि तो हे बोलत असताना साहेबांची गाडी माझ्यासमोर धुतली जात असायची. महाळुंग्याला एकाने हप्ते थकवलेले ट्रॅक्टर आणि जेसीबी मेहुण्याच्या आवारात नेऊन ठेवले होते आणि मला तिथेच बसवून उसाचा रस पाजला. अशा लोकांचा मला राग यायचा, पण तेवढ्यापुरता. त्यांनी निदान आपण सज्जन असल्याचा आव आणला नव्हता. ज्याच्याबद्दल बोलताना आजही माझं तोंड कडू होतं, तो माणूस कमालीचा सभ्य होता.

त्यांना सगळे सर म्हणत. पुण्यातल्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, रस्त्यापासून आत, त्यांनी घर बांधलं होतं. मातीचा गिलावा, मंगलोरी कौलं, अंगणात चाफा, पडवीत झोपाळा. रविवारच्या पुरवणीत ते दर आठवड्याला लिहायचे. खेड्यातलं जगणं, कष्टकऱ्यांचे हात, मातीचा वास, असं बरंच. मी ते वाचायचो. वाचायचो म्हणजे कापून वहीत चिकटवायचो. मी बाहेरून बी.ए. केलेला माणूस, मराठी विषय घेऊन, आणि मराठी शिकवणारा एवढा मोठा माणूस आपल्या तालुक्यात राहायला आला याचंच मला कौतुक होतं. ते कौतुक किती स्वस्त होतं ते पुढे कळलं.

सरांच्या घराला दगडी कुंपण आहे. रस्त्यावरूनही दिसतं. काळ्या दगडाची, छातीइतकी उंच भिंत, तीन बाजूंनी. ती खालच्या अंगाला राहणाऱ्या एका गवंड्याने बांधली. पन्नाशीचा माणूस, बोलायला कमी, बोटं दगडांनी चेपून चपटी झालेली. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे, मीही तसंच म्हणायचो. तो, त्याची बायको आणि भाऊ, तिघं चार महिने त्या भिंतीवर होते. सुरुवातीला सरांनी थोडी उचल दिली. उरलेले दीड लाखाच्या वर निघत होते. ते पुढच्या महिन्यात देतो म्हणाले. पुढचा महिना बरेचदा आला. शेवटी सरांनी मिस्त्रीला पडवीत बसवून, चहा देऊन समजावून सांगितलं की भिंत त्यांना हवी तशी झालेली नाही.

मिस्त्रीने विचारलं, "काय झालं भितीला? हाललीय का कुटं?"

सर म्हणाले, "हलली नाही रे. फार सरळ झालीय. मला ती डोंगरातून आपोआप उगवल्यासारखी हवी होती. तू ती अगदी सरकारी करून टाकलीस."

हे मला मिस्त्रीने खूप नंतर सांगितलं. सांगताना तो चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. भिंत सरळ आली म्हणून मजुरी बुडते, हे त्याच्या बापाच्या आणि आज्याच्या कामात कधी ऐकलेलं नव्हतं. तो दोन वर्षं फेऱ्या मारत राहिला आणि मग एका वकीलबाईंकडे गेला. तरुण बाई होत्या, कोर्टासमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसायच्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, लिहून काही घेतलं होतंत का. काहीच नव्हतं. मग बाईंनीच शोधून काढलं की सरांनी त्याच भिंतीवर पुरवणीत अख्खा लेख लिहिला होता. कष्टकऱ्याच्या हातांनी चार महिने रचलेली भिंत, दगडात उतरलेली त्याची ऊब, असा. बाईंनी ते कात्रण दाव्याला जोडलं. काम केलं, किती दिवस केलं, कुणी केलं, सगळं सरांच्याच तोंडून. मला तो लेख पाठ होता.

समन्स निघालं आणि माझ्याकडे आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हे सांगायला आज लाज वाटते, पण घालून गेलो.

सर झोपाळ्यावर होते. मी नमस्कार केला, तुमचं सगळं वाचतो म्हणालो. त्यांनी मला बसवलं, गवती चहा आला. अर्धा तास ते माझ्याशी बोलले, माझं गाव कुठलं, शिकलो कुठे. मग मी चाचरत पिशवीतून कागद काढला. त्यांनी हात पुढे केला नाही. कागदाकडे बघून म्हणाले, "हे एक मोठं लेखन चाललंय माझं. एवढ्यात या गोष्टीत डोकं घालता येणार नाही. तुम्ही असं करा, मी बाहेरगावी गेलोय असं लिहा. तुमच्या हातातलं आहे ना?"

माझ्या हातातलं होतं. आत जाऊन त्यांनी स्वतःचं एक पुस्तक आणलं, त्यावर माझं नाव घालून, 'रसिक वाचकास स्नेहपूर्वक' असं लिहून सही केली. मी स्कूटरवर बसलो आणि वळणावर थांबून समन्सच्या मागे लिहिलं : प्रतिवादी बाहेरगावी गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले, सबब बजावणी झाली नाही.

माझ्या अख्ख्या नोकरीत मी पैसे घेतले नाहीत. लोकांनी देऊ केले, मी घेतले नाहीत, आणि मला त्याचा अभिमान होता. एका पुस्तकावरच्या सहीला मात्र विकला गेलो. पुस्तकाची छापील किंमत दोनशे रुपयेसुद्धा नव्हती.

पुन्हा समन्स निघालं. पुन्हा मी गेलो, पुन्हा चहा, पुन्हा तेच लिहिलं. मधे तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला मिस्त्री काम बुडवून यायचा आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उकिडवा बसायचा. एकदा मी त्याच्या समोरून जाताना त्याने मला हाक मारली.

"साहेब, त्या कागदावर काय लिवलं व्हतं तुमी?"

मी म्हणालो, "सर बाहेरगावी आहेत असं."

"कुनी सांगितलं?"

"शेजाऱ्यांनी."

 तो आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "तितं शेजारी मीच हाय, साहेब. दुसरं घर न्हाई तितं. मी न्हाई सांगितलं. सर तर काल सकाळी झाडांला पानी घालत व्हतं."

 व्हरांड्यात आणखी दहा माणसं होती, त्यांतली दोन-तीन ऐकत होती. मी आत जाऊन नाझरांच्या, म्हणजे आमच्या वरिष्ठांच्या, टेबलासमोर उगाच कागद चाळत उभा राहिलो. त्या दिवशी डबा खाल्ला नाही. त्या रविवारी पुरवणी आली तेव्हा मी ती उघडलीच नाही. पुस्तक घरात होतं, ते बायकोने रद्दीत घातलं की मी, आता आठवत नाही. बहुतेक मीच.

तिसऱ्यांदा समन्स आलं तेव्हा मी सरांच्या घरी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "सर, हे घ्या आणि सही करा."

त्यांना धक्का बसला असावा, कारण पहिल्यांदाच ते झोपाळ्यावरून उठले. "अहो, मागे आपलं बोलणं झालं होतं ना?"

"झालं होतं. मी चुकलो होतो."

"आणि मी हे घेतलं नाही तर?"

"तर मी ते दाराला डकवतो."

त्यांनी घेतलं नाही. मी खळीचा डबा काढला, त्यांच्या सागवानी दाराच्या मधोमध समन्स डकवलं आणि हाताने नीट दाबलं. सर म्हणाले, "अहो, दाराला कशाला, समोरच्या खांबाला लावायचं. पॉलिश आहे दारावर." कागदात काय लिहिलंय, मिस्त्रीचे किती राहिलेत, त्याबद्दल अवाक्षर नाही. पॉलिश खराब होईल, एवढंच.

ते कोर्टात आले नाहीत. वकीलही पाठवला नाही. निकाल एकतर्फी लागला : मुद्दल, व्याज आणि दाव्याचा खर्च. मिस्त्रीला वाटलं, झालं, आता मिळतील. बरेच लोक असेच फसतात. निकाल हातात आला म्हणजे पैसे आले असं त्यांना वाटतं. पैसे बुडवणारा मात्र तेव्हा कुठे कामाला लागतो. सरांनी वकील लावला, एकतर्फी निकाल रद्द करा म्हणून अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं की समन्स आपल्याला मिळालंच नाही. पॉलिशचं त्यात काही नव्हतं. सुदैवाने मी दारावर डकवलेल्या समन्सचा फोटो काढला होता, सोबत नेलेल्या दोन पंचांच्या, म्हणजे साक्षीदारांच्या, सह्या घेतल्या होत्या. अर्ज फेटाळला. मिस्त्रीने वसुलीची दरखास्त टाकली आणि माझ्या हातात जंगम मालाच्या जप्तीचं वॉरंट आलं.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. मी, मिस्त्री आणि गावातले दोन पंच. मिस्त्री सोबत लागतोच, माल कुणाचा हे दाखवायला. तो फाटकाच्या आत यायला तयार नव्हता. शेवटी चपला बाहेर काढून आला, जणू देवळात आलोय.

दार सरांच्या पत्नीने उघडलं. निवांत, इस्त्रीची सुती साडी नेसलेली बाई. त्यांच्या हातात फाईल होती, म्हणजे आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं. मी फ्रिजकडे बोट केलं की त्या पावती काढायच्या. फ्रिज त्यांच्या नावावर. टीव्ही त्यांच्या नावावर. पितळी दिवे माहेरचे. गाडी मुलीच्या नावावर, मुलगी परदेशात. जमीन आणि घर तर पहिल्यापासूनच बाईंच्या नावावर. एवढी शिस्तीत लावलेली फाईल मी आमच्या कोर्टातही पाहिली नव्हती. प्रत्येक पावतीला रंगीत चिकटपट्टी. बाईंच्या चेहऱ्यावर ना राग ना संकोच. बँकेत खात्याचा पत्ता बदलायला आल्यासारख्या त्या एकेक कागद पुढे करत होत्या.

शेवटी सरांच्या खोलीत गेलो. तिथे तीन भिंतींना पुस्तकं. मी म्हणालो, "ही तर तुमची असतील."

सर म्हणाले, "कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. कायदा आहे तसा. हो ना? पुस्तकं ही माझी हत्यारं आहेत."

कायदा तसा आहे, खरंच आहे. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन उचलता येत नाही. गवंड्याची करणी आणि हातोडा उचलता येत नाही. तो कायदा ज्याच्यासाठी केलाय तो माणूस दारातल्या पायपुसण्यावर अनवाणी उभा होता, आणि त्याची मजुरी बुडवणारा माणूस त्याच्यासमोर तो कायदा अंगावर पांघरून घेत होता. मी इतकी वर्षं खोटं बोलणारी माणसं पाहिलीत. पण एखाद्याच्या हक्काचं एवढंसं पांघरुणसुद्धा ओढून घेणारा तो पहिलाच.

मी वॉरंटाच्या यादीत पुस्तकं लिहिली. कपाटातल्या शाली लिहिल्या, सत्कारात मिळालेल्या, पिशवीतून न काढलेल्या. लाकडी सन्मानचिन्हं लिहिली. लिहिताना मलाच कळत होतं, याचे लिलावात किती येणार. टेम्पोचं भाडंही निघालं नसतं.

मिस्त्री हळूच म्हणाला, "साहेब, शाली नगं. पुस्तकं बी नगं." मग खिडकीतून बाहेर बघत त्याने विचारलं, "भित नेता यील का? दगड त्यांचं हायेत, पर रचल्यात मी."

"भिंत नेता येत नाही, मिस्त्री. ती जमिनीला धरून आहे. जमीन बाईंच्या नावावर आहे."

"मंग भितबी बाईंच्याच नावावर?"

"हो."

सर मधेच म्हणाले, "बघ, एवढा त्रास करून घेतलास. माझ्याकडे नीट बोलायला आला असतास तर मी काहीतरी केलं असतं." दोन वर्षं हा माणूस नीट बोलायला येत होता. मिस्त्री मान खाली घालून बाहेर गेला आणि चपला घातल्या. पंच माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पंचनामा लिहिला, सह्या घेतल्या आणि रिकाम्या हाताने परत आलो.

त्यानंतर सात-आठ महिने काहीच हललं नाही. मग एक दिवस वकीलबाई पेपर घेऊनच आमच्या ऑफिसात आल्या. तालुक्यातल्या एका प्रतिष्ठानाने सरांना पुरस्कार जाहीर केला होता. ग्रामीण जीवनाचं मनोज्ञ दर्शन घडवल्याबद्दल. सन्मानचिन्ह, शाल, श्रीफळ आणि एक लाख रुपये.

वकीलबाई म्हणाल्या, "या पैशांची पावती सरांच्या बायकोच्या नावावर निघणार नाही."

त्यांनी अर्ज केला. प्रतिष्ठान ही रक्कम सरांना देणं लागतं, ती सरांना न देता कोर्टात भरावी, असा हुकूम मागितला. प्रतिष्ठानाने जाहीर केलंय म्हणजे देणं लागतं का, यावर वाद होऊ शकतो हे बाईंनाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, "लागत नसेल तर त्यांनी येऊन तसं सांगावं. सांगतील का कुणी?" न्यायाधीशांनी तूर्त मनाई हुकूम दिला. गुरुवारी मी तो घेऊन प्रतिष्ठानाच्या सचिवांकडे गेलो.

सचिव म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. बारीक, पांढरी टोपी, चष्म्याला दोरी. त्यांनी हुकूम दोनदा वाचला. घाम पुसला. "कार्यक्रम रविवारी आहे हो. पत्रिका वाटून झाल्यात. पाकीट तर स्टेजवर द्यावं लागेल."

मी म्हणालो, "पाकीट द्या, गुरुजी. आत काही घालू नका."

त्यांनी मुकाट्याने सही केली.

तिथून मी सरांकडे गेलो. त्यांनाही प्रत द्यायची होती. मला वाटलं आता हे पांढरे पडतील. सरांनी हुकूम वाचला, खिशातलं शाईचं पेन काढलं आणि सही केली. माझ्या हातातून त्यांनी स्वतः होऊन घेतलेला तो पहिला कागद. वर हसून म्हणाले, "रविवारी या कार्यक्रमाला. त्या मिस्त्रीलाही आणा. त्याच्यासारख्यांचाच तर हा सन्मान आहे."

मी मिस्त्रीला घेऊन गेलो, कारण त्याला बघायचं होतं. कॉलेजच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलो. हॉल भरलेला. पुण्याहून गाड्या भरून माणसं आलेली, खादी, झब्बे, मोठाल्या कुंकवाच्या बायका. गावातली माणसं दाराजवळ उभी. सत्कार झाला, शाल झाली, गुरुजींनी पाकीट सरांच्या हातात दिलं.  सरांनी पाकीट घेतलं आणि माईकजवळ आले.

वीस मिनिटं बोलले. बोलले मात्र सुंदर. मग थांबले, पाकीट वर धरलं आणि म्हणाले, "ही रक्कम माझी नाही. ज्यांच्या घामावर हे डोंगर, ही घरं उभी आहेत, त्यांची आहे. त्यांच्या मुलांच्या वाचनालयासाठी मी ती इथेच, या क्षणी, प्रतिष्ठानाला परत करतो."

सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. शेजारी मिस्त्रीही टाळ्या वाजवत होता. सगळे वाजवतायत म्हणून त्याने वाजवल्या. मग त्याचे हात हळूहळू थांबले आणि तो माझ्याकडे वळला.

"साहेब, म्हंजी माजं पैसं दिलं त्यांनी?"

"हो."

"पोरांला?"

"हो."

 तो स्टेजकडे वळून म्हणाला, "पोरांला दिलं म्हनल्यावर आपन काय बोलनार?"

मी त्याला बाहेर आणलं.  रिकामं पाकीट हातात धरून, आत काही नाही हे माहीत असताना, दुसऱ्याच्या मजुरीचं दान करायचं, आणि त्यासाठी उभ्या राहिलेल्या लोकांकडे ओलावलेल्या डोळ्यांनी बघायचं. चोर बरा, तो निदान अंधारात करतो आणि टाळ्यांची अपेक्षा ठेवत नाही. पुढे चहापानाच्या वेळी मी ऐकलं, सर गुरुजींना सांगत होते, "आता मी स्वीकारलेलीच नाही म्हणजे तुम्ही मला काही देणं लागत नाही. तुम्ही कोर्टाला तसं कळवून टाका. वाचनालयाचं बघा."  गुरुजींनी मान हलवली, ती हो म्हणून होती की नाही म्हणून, मला कळलं नाही.

सोमवारी साडेअकराला गुरुजी एसटीने कोर्टात आले. पिशवीत प्रतिष्ठानाचा लाख रुपयांचा चेक होता. आमच्या नाझरांनी विचारलं, "गुरुजी, ही रक्कम तर काल वाचनालयाला दिली ना सरांनी? पेपरात आलंय."

गुरुजी म्हणाले, "मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली, साहेब. कोण आधी आलं आणि कोण नंतर, एवढं कळतं मला. तुमचा हुकूम गुरुवारी आला. दान रविवारी झालं."

नाझरांनी चेक घेऊन पावती फाडली. गुरुजींनी ती नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "वाचनालयाचं आमचं आम्ही बघू. जुनी पुस्तकं असतील कुणाकडे तर सांगा."

सरांनी हरकत घेतली. पुरस्कार नाकारल्यावर ती रक्कम आपली राहिली नाही, आणि आपली नाही तर आपल्या देण्यापोटी घेता येत नाही, असं त्यांच्या वकिलांनी बराच वेळ मांडलं. न्यायाधीशांनी एकच विचारलं, "पुरस्कार नाकारला, मग शाल आणि सन्मानचिन्ह कुठे आहे?" ते सरांच्या घरी होतं. हरकत फेटाळली. आणखी दोन-तीन महिने गेले आणि एक लाख मिस्त्रीच्या हातात पडले.

तो चेक घ्यायला बायकोला घेऊन आला होता. तीच दगड डोक्यावर वाहणारी. बोलायला नवऱ्यापेक्षा बरीच फटकळ. वकीलबाईंनी दोघांना समजावलं की अजून मुद्दलातले उरलेले आणि व्याज, खर्च मिळून बरीच रक्कम येणं आहे, आता सरांना दिवाणी कैदेत टाकण्यासाठी अर्ज करता येईल. निदान त्या भीतीने तरी ते भरतील. मीही म्हणालो, "करा मिस्त्री. आता सोडू नका."

मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "नगं बाई. चार महिने वझं वाह्यलं, त्याच्या कितीक पट हितं बसून गेलं. आता परत त्या मानसाच्या दारात मला उभं न्हाई ऱ्हायचं. लई घान वाटती तितं."

"पैसे तुमचे आहेत," मी म्हणालो.

"हायेत. पर त्याच्या हातनं आता नगं."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. मी तावातावाने बोललो, वकीलबाईंनी मला खूण केली तेव्हा थांबलो. मला तो माणूस, निदान एक दिवस, कैदेत बसलेला बघायचा होता, आणि ते मिस्त्रीसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दरखास्त अंशतः वसूल म्हणून निकाली निघाली. बाकीचे पैसे बुडाले.

मी निवृत्त झालो. पुरवणी कुणाच्या घरी दिसली तर बाजूला ठेवतो. सर अजून लिहितात, लोक अजून वाचतात, आणि भिंतीपुढे उभे राहून फोटोही काढतात असं ऐकलं. मागच्या हिवाळ्यात पिरंगुटला मेडिकलच्या दुकानात ते माझ्या शेजारीच उभे राहिले. ओळखलं त्यांनी. खांद्यावर हात ठेवला.

"काय बेलिफसाहेब, बरे आहात ना? मनात काही राग नाही ना?"

"आहे," मी म्हणालो, आणि गोळ्यांचे पैसे देऊन बाहेर पडलो.